कपात कोणाच्या ताटातून?

31 मार्च 2020 ची संध्याकाळ. टाळेबंदी सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. आमच्या ओळखीच्या एका घरात त्या संध्याकाळी हिशेबाची वही निघाली. घरातले अब्बा शिपाई म्हणून निवृत्त झालेले. थोरला मुलगा तहसील कचेरीत कारकून, त्याची बायको जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षणसेविका आणि धाकटा सरकारी दवाखान्यात ठेकेदारामार्फत लागलेला वॉर्डबॉय. मोहल्ल्यात सगळे म्हणायचे, ‘त्यांना काय कमी? घरात तीन-तीन सरकारी पगार येतात!’

त्या दिवशी राज्य सरकारने मार्चच्या पगाराबद्दल निर्णय जाहीर केला होता. घरातले तिघेही सरकारचेच काम करत होते, पण तिघांची गत तीन प्रकारची झाली. थोरल्याचा पगार हप्त्यांत येणार होता. सुनेला महिन्याला 6,000 रुपये मानधन, त्यातून कापणार तरी काय? आणि धाकट्याचे नाव तर सरकारच्या कोणत्याच यादीत नव्हते. ठेकेदार देईल तेव्हा पैसे, आणि ठेकेदाराने आधीचाच महिना थकवला होता. महिनाभरात रमजान येणार होता.

त्या गोष्टीला आता काही वर्षे झाली. पण सरकारची तिजोरी रिकामी होण्याची वेळ पुन्हा कधी ना कधी येतेच, आणि तेव्हा पहिली नजर पगारावर जाते. म्हणून त्या वेळी काय घडले ते शांतपणे तपासून पाहावे, असे आम्हाला वाटते. कपात करावी की नाही हा एक प्रश्न झाला. पण करायचीच ठरली, तर ती कोणाची, किती आणि कशी करावी म्हणजे तिला न्याय म्हणता येईल?

टक्क्यांचा हिशेब

आधी सरकारची बाजू पाहू. टाळेबंदीत दुकाने बंद, कारखाने बंद, घरांचे व्यवहार बंद. त्यामुळे जीएसटी आटला, मुद्रांक शुल्क आटले, पेट्रोल-डिझेलवरचा करही आटला. खर्च मात्र वाढला. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग थांबले होते आणि त्यावरच्या कामगारांच्या हातात एक रुपयाही येत नव्हता. अशा वेळी ज्याची नोकरी पक्की आहे त्याने थोडी झळ सोसावी, हे म्हणणे चुकीचे नव्हते.

तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री अजित पवार यांनी जाहीर केलेली रचना अशी होती : मुख्यमंत्री, मंत्री, आमदार व इतर लोकप्रतिनिधी यांची 60 टक्के कपात, गट अ आणि ब ची 50 टक्के, गट क ची 25 टक्के आणि गट ड ला पूर्ण पगार. लगोलग खुलासा झाला की ही कपात नाही, पगार दोन टप्प्यांत मिळेल. म्हणजे लोकप्रतिनिधींना पहिल्या टप्प्यात 40 टक्के, अधिकाऱ्यांना 50, कारकून-शिक्षकांना 75 आणि शिपायाला 100 टक्के.

वरून खाली भार कमी होत जातो, ही या रचनेतली चांगली गोष्ट होती. शिपायाच्या ताटाला हात लावला नाही, याबद्दल सरकारला श्रेय द्यायला हवे. शेजारच्या तेलंगणात चतुर्थ श्रेणी आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचेही 10 टक्के रोखले गेले. तिथे निवृत्तांची निम्मी पेन्शन अडवली होती आणि निवृत्त शिपायाचीही 10 टक्के. आंध्र प्रदेशातही चतुर्थ श्रेणीचे 10 टक्के थांबवले होते.

पण महाराष्ट्राच्या रचनेत एक गोम होती. ती पगार पाहत नव्हती, ‘गट’ पाहत होती. समजा एक शिक्षक गट क मध्ये पंचवीस वर्षे नोकरी करून मूळ पगार 60,000 रुपयांवर पोहोचला आहे आणि एक तरुण अधिकारी गट ब मध्ये नुकताच 38,600 रुपयांवर लागला आहे. मूळ पगारच धरला, तर पहिल्या टप्प्यात शिक्षकाला 45,000 मिळतात आणि तरुण अधिकाऱ्याला 19,300. कदाचित शिक्षकाचे घर बांधून झालेले असेल, मुले कमावती असतील. तरुणाच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असेल, शहरातले भाडे असेल, गावी आई-वडील असतील. खुर्ची मोठी म्हणून खिसा मोठा असतोच असे नाही.

केरळने हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने केला. दर महिन्याला सहा दिवसांचा पगार, असा पाच महिने रोखायचा ठरला. म्हणजे एकूण एका महिन्याचा पगार. पण ज्यांचा पगार 20,000 च्या आत आहे त्यांना हात लावायचा नाही. तिथे मर्यादा गटावर नव्हती, रुपयांवर होती. ही पद्धत आम्हाला अधिक सरळ वाटते. मात्र तीतही 21,000 वाल्याचे सहा दिवस आणि लाखवाल्याचे सहा दिवस एकाच तराजूत तोलले गेले.

तराजूचा खरा घोळ इथेच आहे. टक्का समान असला की न्याय झाला, असे आपल्याला वाटते. पण 20,000 मधून पाव भाग गेला तर किराणा, दूध किंवा मुलाची फी जाते. दोन लाखांतून पाव भाग गेला तर बचत कमी होते. म्हणून कपातीचा न्याय किती कापले यावर ठरत नाही. हातात काय उरले, यावर तो ठरतो.

उशिरा मिळणे आणि कधीच न मिळणे

दुसरा मुद्दा आहे तो पैसा परत येण्याचा. रोखलेला पगार हे सक्तीचे उसने असते. ते परत मिळते, जरी मधल्या काळात सोसायटीच्या कर्जाचा हप्ता चुकला आणि दंड बसला तरी. हा दंड कोणी भरायचा? आंध्र प्रदेशात हा प्रश्न कोर्टात गेला. उच्च न्यायालयाने रोखलेला पगार आणि पेन्शन 12 टक्के व्याजाने द्यायला सांगितले. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याज 6 टक्क्यांवर आणले, पण व्याज द्यावे लागेल हे कायम ठेवले. केलेल्या कामाचा पगार ही सरकारची मेहेरबानी नाही, हे त्यातून पक्के झाले. केरळच्या उच्च न्यायालयानेही एप्रिल 2020 मध्ये तिथल्या आदेशाला स्थगिती दिली होती. त्यानंतर त्या सरकारला वटहुकूम काढावा लागला.

महागाई भत्त्याची गोष्ट मात्र वेगळी झाली. केंद्र सरकारने 23 एप्रिल 2020 ला भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. तेव्हा भत्ता 17 टक्के होता, तो तसाच जून 2021 पर्यंत राहिला. जुलै 2021 पासून तो 28 टक्के झाला, पण मधल्या 18 महिन्यांची थकबाकी देणार नाही, असे सरकारने सांगून टाकले. ही खरीखुरी कपात होती, फक्त तिला ‘कपात’ असे नाव नव्हते, म्हणून तिची चर्चा कमी झाली.

किती गेले ते मोजून पाहू. पहिल्या सहा महिन्यांत दरमहा 4 टक्के, पुढच्या सहा महिन्यांत 7 टक्के आणि शेवटच्या सहा महिन्यांत 11 टक्के. सगळे मिळून मूळ पगाराच्या 132 टक्के, म्हणजे सुमारे सव्वा महिन्याचा मूळ पगार. केंद्रात सर्वांत कमी मूळ पगार 18,000 आहे. त्या कर्मचाऱ्याचे 23,760 रुपये गेले. 2,25,000 मूळ पगाराच्या सचिवाचे 2,97,000 गेले. टक्का दोघांचा एकच. पण महागाई भत्ता असतो कशासाठी? डाळ-तेल महाग झाले तरी चूल पेटत राहावी यासाठी. तेलाचा डबा शिपायाला आणि सचिवाला एकाच भावाने मिळतो. तेव्हा निदान खालच्या पायऱ्यांवरच्या लोकांची थकबाकी द्यायला हवी होती, असे आमचे मत आहे.

राज्यकर्त्यांनीही स्वतःला कात्री लावली होती, हेही सांगितले पाहिजे. खासदारांचा पगार एप्रिल 2020 पासून वर्षभरासाठी 30 टक्क्यांनी कमी झाला. एक लाखाचे 70,000 झाले. महाराष्ट्रातील आमदारांच्या पगारातही वर्षभरासाठी 30 टक्के कपात ठरली. ही रक्कम राज्याच्या गरजेपुढे चिमूटभर होती, पण चिमटा आधी स्वतःला काढून पाहण्याला अर्थ असतो. हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी सन 18 मध्ये अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला. लोकांना पोटभर मिळेपर्यंत आपण तूप आणि मांस खाणार नाही, असे त्यांनी ठरवले. तेल-भाकरीवर राहून त्यांचा रंग काळवंडला, असे इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या तुपाने मदीनेची भूक भागणार नव्हती. पण सोसा म्हणणारा स्वतः सोसतो आहे, हे लोकांना दिसत होते.

जे यादीतच नव्हते

आता पुन्हा त्या घराकडे येऊ. गट अ, ब, क, ड यांची चर्चा पेपरात भरपूर झाली. पण त्या घरातल्या सुनेची आणि धाकट्याची झाली नाही.

शिक्षणसेवक योजना आपल्या राज्यात 2000 साली आली. तीन वर्षे मानधनावर काम, मग कायम. शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या कायम शिक्षकाची सुरुवातच 29,200 रुपये मूळ पगारापासून. पुस्तके तीच, मुले तितकीच. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये 16,000 झाले, त्याआधी अनेक वर्षे ते 6,000 होते. ही कपात कोणत्या संकटामुळे आलेली नव्हती, ती नेमणुकीच्या कागदावरच लिहिलेली होती. 20 टक्के, 40 टक्के अनुदानावर चालणाऱ्या शाळांतले शिक्षकही असेच. त्यांत आपल्या कित्येक उर्दू शाळा येतात. 20 टक्के अनुदान म्हणजे 80 टक्के कपात, आणि तीही दर महिन्याला. आशा ताई, अंगणवाडी सेविका, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया यांच्या हाती तर ‘पगार’ हा शब्दच येत नाही, ‘मानधन’ येते. याच आशा ताई 2020 मध्ये घरोघर फिरून ताप मोजत होत्या.

एसटीचे चालक-वाहक ‘सरकारी’ म्हणून ओळखले जातात, पण ते महामंडळाचे. गाड्या थांबल्या आणि त्यांचे पगार महिनोन् महिने रखडले. दिवाळी तोंडावर आली तरी अनेकांच्या हातात पैसे नव्हते. याच गाड्यांनी परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचवले होते.

म्हणून आम्हाला वाटते, कपातीचा न्याय यादीच्या आत शोधून पुरत नाही. यादीच्या बाहेर कोण उभे आहे, हेही पाहावे लागते. गट अ विरुद्ध गट क, शिक्षक विरुद्ध महसूल असे कर्मचारी एकमेकांशी भांडत राहिले, तर सर्वांत कमी मिळणारा माणूस कोणाच्याच नजरेत येत नाही.

घरातली आई काय करते?

घराचे उत्पन्न अचानक कमी झाले तर आई काय करते? सगळ्यांच्या ताटातून सारखीच पाव भाकरी काढून घेत नाही. तान्ह्याच्या दुधाला आणि आजारी दादीच्या औषधाला हात लावत नाही. आधी स्वतःचा घास कमी करते, मग कमावत्या मुलाला समजावून सांगते. आणि ‘पुढच्या महिन्यात देईन’ म्हणाली, तर वहीत लिहून ठेवते आणि देते.

सरकारकडे मागणी करायची तर ती याच चालीने करावी. पगार कापायचाच असेल तर गट न पाहता हातात येणारी रक्कम पाहा आणि एका मर्यादेखाली कोणाला हात लावू नका. परत देणार की नाही, देणार तर कधी, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगा. वरच्यांनी आधी आणि जास्त सोसावे. आणि मानधनवाल्यांचे, कंत्राटी कामगारांचे पैसे सर्वांत आधी, वेळेवर द्या, कारण त्यांच्याकडे मागे सारायला काहीच नसते.

कर्मचारी संघटनांनाही आमचे एक सांगणे आहे. पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाल, तेव्हा त्यात आपल्या दवाखान्यातल्या कंत्राटी वॉर्डबॉयचे आणि आपल्या शाळेतल्या शिक्षणसेविकेचे नाव असू द्या. त्या घरात त्या वर्षीची ईद थोरल्याच्या पाऊण पगारावर झाली. अब्बांनी नवे कपडे नको म्हणून सांगितले आणि फितऱ्याचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवले. धाकट्याचे थकलेले पैसे ईदनंतर आले, तेही एका महिन्याचेच.