हसायचे कुणाला?

दूरचित्रवाणीच्या विनोदी कार्यक्रमांत एक पात्र हमखास असते. मोबाईलमध्ये डोके खुपसलेला, फेसबुकवर फोटो टाकून लाईक मोजणारा, आईने हाक मारली तरी ओ न देणारा तरुण. तो आला की हशा पिकतो. विनोदाला आमचा विरोध नाही. सत्यशोधक जलशांनी आणि भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हसवत हसवतच समाज जागा केला. परंतु जलसा भटजी-सावकाराला हसत होता. आजचा पडदा पोराला हसतो.

झी मराठीवर २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये पोस्टमन पत्र वाचू लागला की प्रेक्षकांचे डोळे पाणावत. पत्राला अश्रू आणि मोबाईलला हशा, ही वाटणी कुणाची? ज्यांच्या आजा-पणजाला अक्षरबंदी होती, त्यांच्या घरात पत्रांचे गठ्ठे कुठून असणार? १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही.

नवापूर तालुक्यातील विसरवाडीसारख्या गावात आदिवासी किंवा बौद्ध तरुणाच्या हातातला मोबाईल हा त्याचा पहिला छापखाना आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, गुजरातेत मजुरीला गेलेल्या बापाची खुशाली, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा फोटो, सारे त्यातूनच जाते.

या छापखान्याची किंमतही मोजावी लागते. २०१२ साली पालघरमध्ये फेसबुकवर बंदविषयी लिहिले म्हणून एका मुलीला आणि ते 'लाईक' केले म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली. ज्या कलमाचा असा वापर झाला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर दोनच महिन्यांत शिर्डीत, बाबासाहेबांच्या गीताच्या रिंगटोनवरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा जीव घेतला गेला. मोबाईलचा हा चेहरा विनोदी कार्यक्रमांत आम्हाला कधी दिसला नाही.

तरुणांनो, रिकाम्या करमणुकीत रात्री घालवू नका, हे आम्ही सांगणारच. जातीवरून कुणी ऑनलाईन शिवीगाळ केली, तर शिवीला शिवी देऊ नका. स्क्रीनशॉट, तारीख, वेळ जपून ठेवा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार द्या. आणि हसवायचे असेल तर जलसा पुन्हा उभा करा. साधन तुमच्या हातातच आहे. हसायचे कुणाला, तेवढे मात्र आधी ठरवा.

जयभीम!