नवशिक्याचा कॅमेरा
छायाचित्रणाच्या नवशिक्यास दोन कॅमेऱ्यांतून एक निवडणे अवघड वाटते. परंतु कॅननचे आर-१० (२०२२) आणि आर-५० (२०२३) शेजारी ठेविले, म्हणजे उलगडा होतो. दोहोंतील प्रकाशग्राही पटल एकाच मापाचे, २२.३ × १४.९ मिलिमीटर, सबब स्थिर चित्राच्या गुणात म्हणण्यासारखा भेद नाही. आर-१० झडपेने सेकंदास १५ चित्रे घेतो, आर-५० बारा. धावत्या खेळाडूंकरिता पहिला बरा. दुसरा ५४ ग्रॅमांनी हलका व किमतीने कमी. घरातील दिव्याच्या उजेडात आजीचा चेहरा टिपावयाचा असेल, तर दुसरा घेऊन उरल्या पैशांत एफ १.८ छिद्राचे ५० मिलिमीटरचे भिंग घ्यावे; सोबत मिळणाऱ्या १८-४५ भिंगाहून ते निदान सहापट प्रकाश आत घेते. कॅमेरा पुढेमागे बदलता येतो. वेळेवर न टिपलेला चेहरा पुन्हा लाभत नाही.