अश्मयुगातले जेवण आज चालेल का?

पोळी नाही, भात नाही, वरण नाही, दूध-दही नाही आणि साखर-मीठही नाही! असे ताट तुमच्यापुढे आले तर तुम्ही काय म्हणाल? पण जगात अनेक लोक हौसेने असे जेवतात. मांस, मासे, अंडी, फळे, भाज्या आणि बदाम-अक्रोड एवढेच ते खातात. या आहाराला ‘पॅलिओ’ म्हणजे पुराश्मयुगीन आहार म्हणतात.

यामागचा युक्तिवाद असा : माणूस लाखो वर्षे शिकार करून व कंदमुळे गोळा करून जगला. शेती सुरू होऊन जेमतेम १० ते १२ हजार वर्षे झाली. एवढ्या काळात आपले शरीर धान्य, डाळी व दूध यांना सरावलेले नाही. म्हणूनच लठ्ठपणा, मधुमेह असे विकार वाढले. १९८५ साली बॉइड ईटन व मेल्विन कॉनर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात या विषयावर लेख लिहिला आणि ही कल्पना चर्चेत आली.

आता पुरावा तपासू. इस्रायलमधील गॅलिली सरोवराचे पाणी १९८९ साली ओसरले, तेव्हा सुमारे २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तेथे रानटी जवाचे व गव्हाचे दाणे मिळाले. एका दगडावर धान्य दळल्याच्या खुणा, म्हणजे पिष्टाचे सूक्ष्म कणही आढळले. शेतीच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता!

शरीर बदललेच नाही, हेही खरे नाही. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर बहुतेक सस्तन प्राण्यांत बालपणानंतर आटते. परंतु पशुपालन सुरू झाल्यावर काही मानवसमूहांत ते मोठेपणीही टिकू लागले. हा बदल गेल्या १० हजार वर्षांतलाच आहे.

मग या आहारात फायदा काहीच नाही का? आहे. साखर, मैदा, तळलेले व डबाबंद पदार्थ बंद होतात, भाज्या-फळे वाढतात. काही प्रयोगांत अशा आहाराने लोकांचे वजन व रक्तदाब थोड्या काळात कमी झाल्याचे दिसले आहे. पण हा गुण अश्मयुगाचा नव्हे. साखर आणि मैदा सोडल्याचा आहे. तो पोळी-भाजी खाऊनही मिळवता येतो.

तोटेही सोडलेल्या पदार्थांमुळेच होतात. तुमच्या वयात हाडे वाढत असतात व दररोज सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, तर १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. या आहारात दोन्ही वर्ज्य! आयोडीनयुक्त मीठ सोडले तर आयोडीनही कमी पडू शकते. आणि जो मांस-मासे खात नाही, त्याने डाळी-उसळीही सोडल्या तर प्रथिने कोठून आणायची?

कडधान्यांवर एक आक्षेप मात्र बरोबर आहे. त्यांतील फायटिक आम्ल लोह व जस्त यांना बांधून ठेवते, त्यामुळे ती शरीराला पुरेशी मिळत नाहीत. पण मटकी भिजवून तिला मोड आणले की हे आम्ल कमी होते. म्हणजे दोषावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. त्यासाठी कडधान्य टाकून देण्याची गरज नाही.

शिवाय अश्मयुगात सर्व माणसे एकच जेवण जेवत नव्हती. जेथे जे मिळेल ते खावे आणि दगडाने, विस्तवाने ते पचण्याजोगे करावे, हीच त्यांची रीत होती. तेव्हा कोणताही नवा आहार कानी आला की दोन प्रश्न विचारा : यातून काय वगळले आहे? आणि त्यातून मिळणारे पोषण आता कोठून मिळणार? आज रात्री जेवताना हे दोन प्रश्न स्वतःच्या ताटालाही विचारून पाहा.