खाऱ्या पाण्याचं व्याज

अमेरिकेतलं फार्गो हे शहर समुद्रापासून शेकडो मैल आत. तिथे १९३४ साली ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड गाडीच्या स्टार्टर मोटरला लवचीक दांडा आणि पंखा जोडून होडीसाठी विजेची ‘ट्रोलिंग मोटर’ बनवली. गळ पाण्यात सोडून होडी सावकाश न्यायची, मासा बिचकता कामा नये, एवढंच तिचं काम. तिचं माहेर गोड्या तळ्यांचं.

पुढे समुद्रावरच्या हौशी लोकांनाही तिचा मोह पडला. नांगरलेल्या नौकेपासून धक्क्यापर्यंत ये-जा करणाऱ्या छोट्या डिंगीला ती लावली, की पेट्रोलचा वास नाही, इंजिनाचा धडधडाट नाही. नातवंडांशी गप्पा मारत जावं!

पण खारं पाणी सावकारासारखं. ते रोज व्याज वसूल करतं. या मोटरचं यंत्र पंख्यापाशी, पाण्याखालीच असतं. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की आपोआप बॅटरीच तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. म्हणून पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवतात. आधी तो झिजतो, मोटर वाचते. ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या तांबं मढवलेल्या जहाजांसाठी सुचवली होती. जस्त संपत आलं की बदलायचं, काम झाल्यावर मोटर पाण्याबाहेर उचलायची आणि गोड्या पाण्याने धुवायची. तारांच्या जोडांनाही खारी हवा खाते. त्यांना ग्रीस लावायचं.

आता बॅटरीचं खातं पाहू. जन्म बँकेत गेलेल्या माणसाला हा हिशेब सुटत नाही. बारा व्होल्टची, पंचावन्न पौंड रेट्याची मोटर पूर्ण वेगात सुमारे पन्नास अँपिअर घेते. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर दोन तास पुरते. शिशाची बॅटरी मात्र निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती उरला एकच तास. वेग कमी ठेवला तर तो बराच लांबतो.

वेग तरी किती? भरभर चालणाऱ्या माणसाएवढा. खाडीच्या मुखाशी ओहोटी तितक्याच वेगाने बाहेर धावत असेल, तर पंखा फिरत राहतो आणि होडी जागच्या जागी. त्यात समोरून वारा सुटला, की माणसांसकट ती समुद्राकडे ओढली जाते. म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावं, परतीपुरती वीज आधीच बाजूला काढावी, प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावं. आणि मोटर कितीही नवी असो, दोन वल्ही होडीत असायलाच हवीत.