कॅमेरा उशिरा पोचतो

चाकणला रात्रपाळीला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारचा पोरगा मोबाइलवर ‘मानवत मर्डर्स’ बघत होता. २०२४च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला तेव्हा त्याने कानातली बोंडं काढली आणि विचारलं, “काका, हे खरंच घडलंय?”

“घडलंय.”

“मग ज्यांनी करवलं, ते फासावर गेले?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बस गेटवर आली. पंचिंगच्या रांगेत प्रश्न राहून गेला. एका वाक्यात उत्तर देण्यासारखा तो नव्हताच. मी कायद्याचा पदवीधर नाही; कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य गेलं. मात्र गेली वीस-बावीस वर्षं न्यायालयांचे निकाल वाचण्याचा नाद आहे. त्या वाचनाच्या आधारे त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे मांडतो आहे.

मानवत : पडद्यावरचं आणि निकालातलं

परभणी जिल्ह्यातल्या मानवत इथे १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. पाच लहान मुली, वर्षाचं एक तान्हं मूल आणि चार बायका. दुष्काळाचं ते साल. पिंपळाखाली पुरलेलं धन मिळावं आणि मूल व्हावं म्हणून कुमारिकांचं रक्त हवं होतं, अशी सरकारपक्षाची कहाणी. मुख्य आरोपी दोन : रुक्मिणी ही पारधी समाजातली बाई आणि तिला ठेवणारा उत्तमराव बारहाते, गावातलं बडं प्रस्थ. तपास रमाकांत कुलकर्णी यांनी केला. ही मालिका त्यांच्याच आठवणींच्या पुस्तकावर बेतलेली आहे. त्याआधी १९८१ साली अमोल पालेकरांनी याच प्रकरणावरून ‘आक्रीत’ हा चित्रपट केला होता, विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर.

परभणीच्या सत्र न्यायालयाने रुक्मिणी आणि उत्तमराव यांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने दोघांनाही सोडलं. १९७७ साली ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ती सुटका कायम ठेवली. हा निकाल लिहिला न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी. त्यांचं घराणं मूळचं आमच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं, म्हणजे चाकणपासून फार लांब नाही.

आता मेख कुठे आहे ती पाहू. दोन आरोपी माफीचे साक्षीदार झाले होते. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यातला भागीदार. स्वतःची मान सोडवून घेऊन तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. जुन्या पुरावा कायद्यात त्याच्याबद्दल दोन तरतुदी होत्या. एक म्हणत होती, केवळ त्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तर ती बेकायदा ठरत नाही. दुसरी म्हणत होती, दुजोरा नसेल तर न्यायालय त्याला अविश्वसनीय मानू शकतं. दोन्हींत विरोध नाही, असं निकाल सांगतो : पहिला नियम कायद्याचा, दुसरा शहाणपणाचा. म्हणून माफीच्या साक्षीदाराच्या बोलण्याला महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा हवा, आणि तो प्रत्येक आरोपीपुरता वेगवेगळा हवा. खून झाला एवढं सिद्ध होणं पुरेसं नाही. हा माणूस त्यात होता, हे वेगळं सिद्ध व्हायला हवं.

याच निकालात पोलिसांनाही कानपिचक्या आहेत. तपासाच्या उत्साहात मर्यादा ओलांडण्याचा, हाताखाली सापडलेल्यावर बळ वापरण्याचा मोह वेळीच खुडला पाहिजे, असं न्यायालयाने बजावलं आहे.

म्हणजे त्या पोराला उत्तर असं : प्रत्यक्ष खून केल्याबद्दल शिक्षा झाल्या, पण ते कोणाच्या सांगण्यावरून झाले, हे कायद्याच्या लेखी सिद्ध झालं नाही. पडद्यावर मात्र तो संशय टिकत नाही. रुक्मिणीचा चेहरा जवळून दिसतो, पार्श्वसंगीत चढतं आणि प्रेक्षक मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो. मालिकाकारांना मी दोष देत नाही, नाट्याला चेहरा लागतोच. पण निकालात ज्या जागी “सिद्ध झालेलं नाही” असं लिहिलं आहे, तिथे पडद्यावर एक पारधी बाई उभी असते. पन्नास वर्षांनंतर लोकांच्या डोक्यात तेवढीच उरते.

आधी कोणावर संशय?

ही बारीकसारीक शंका नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, सवय राहिली. पुढच्या एका खटल्यात ती सवय किती महाग पडते, हे दिसतं. २००३ साली एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली आणि दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच चेहरे ओळखले होते. त्यांच्यापर्यंत तपास गेलाच नाही. या सहांपैकी एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांच्या तुरुंगाबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. ज्या घरातली माणसं गेली, त्यांना खरे गुन्हेगार कोण ते कळलं नाही. एका चुकीच्या तपासाने दोन्हीकडची घरं बुडवली.

मुलांच्या काळजीतून हा संशय सर्वांत लवकर पेटतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षेकरी.

इथे स्वतःबद्दल एक सांगायला हवं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत एक डवरी गोसावी आला. बरोबर आठ-नऊ वर्षांचा मुलगा. दहा-बारा जणांनी त्याला घेरलं, आधार कार्ड मागितलं, झोळी रस्त्यावर ओतली. तिच्यातून भाकरीचे तुकडे आणि एक सदरा निघाला. “पोरगं कुणाचं? खरं सांग,” असं ते विचारत होते, आणि पोरगं बापाचं धोतर घट्ट धरून उभं होतं. कुणी हात उचलला नाही, एवढंच. मी दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत होतो. दगडूचा निकाल, १८७१चा कायदा, सगळं मला पाठ होतं. मी खाली उतरलो नाही. गल्लीतल्या दोघांनी त्याचं मोबाइलवर चित्रण केलं. मी तेही केलं नाही.

अमेरिकेतले दोन दाखले

कॅमेऱ्याने काही साधतं का, हा प्रश्न म्हणून माझ्यासाठी निव्वळ अभ्यासाचा नाही. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी मारलं. सगळ्या गोऱ्या ज्युरीने दोन आरोपींना सोडलं. पुढे त्यांनी पैसे घेऊन एका नियतकालिकात कबुलीही दिली, कारण त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालू शकत नव्हता. कीथ बोशॅम या माहितीपटकाराने वर्षानुवर्षं साक्षीदार शोधले. त्या रेट्याने २००४ साली सरकारने प्रकरण पुन्हा उघडलं, २००५मध्ये दफन केलेला मृतदेह बाहेर काढून तपासला. २००७मध्ये ग्रँड ज्युरीने नवा आरोप ठेवायला नकार दिला. दोन्ही मुख्य आरोपी तोवर मरून गेले होते.

अटलांटात १९७९ ते १९८१ या काळात काळ्या समाजातली वीसहून अधिक मुलं आणि काही तरुण मारले गेले. वेन विल्यम्स या काळ्या तरुणाला १९८२मध्ये शिक्षा झाली, तीही दोन प्रौढांच्या खुनासाठी. मुलांच्या बहुतेक फायली त्याच्याच नावावर टाकून मिटवल्या गेल्या. आयांचं समाधान झालं नाही. २०१९मध्ये महापौरांनी पुरावे पुन्हा तपासायला सांगितले आणि पुढच्या वर्षी त्यावर पाच भागांचा माहितीपट आला. त्यात चेहरा गुन्हेगारापेक्षा आयांचा जास्त दिसतो. मला हा फरक मोलाचा वाटतो : त्यांची मागणी कोणाला लटकवा अशी नव्हती, आमच्या लेकराची फाइल त्याच्या स्वतःच्या नावाने तपासा, अशी होती.

खर्डा आणि कायद्यातला कॅमेरा

आपल्याकडे ही मागणी नेऊन ठेवायची तर ती खर्ड्याला. जामखेड तालुक्यातल्या या गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला शाळेतून मारत नेलं गेलं; नंतर तो झाडाला लटकलेला सापडला. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचा राग, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. मुलगा मेला, हे कोणी नाकारत नाही. मारलं कोणी, याचं कायद्याच्या लेखी उत्तर नाही.

साक्षीदार फितूर होतो तो काही एकदम नव्हे. तो त्याच गावात राहतो, त्याच मालकाच्या रानात जातो, तारखेवर तारीख पडते. घटनेनंतर पोलिसांना दिलेला जबाब हा स्वतः पुरावा नसतो. न्यायालयात उभं राहून सांगितलेलं खरं. मधल्या वर्षांत गाव आपलं काम करतं.

याच जागेसाठी अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २६ जानेवारी २०१६पासून कलम १५-अ आलं. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय. त्याच्या दहाव्या पोटकलमात एक छोटं वाक्य आहे : या कायद्याखालच्या सर्व कामकाजाचं चित्रीकरण केलं जाईल. म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या कॅमेऱ्याची वाट बघण्याऐवजी कायद्याने कॅमेरा साक्षीच्या दिवशीच खोलीत आणून ठेवला आहे. साक्षीदार कोणाकडे बघून अडखळला, कोणी काय विचारलं, हे वरच्या न्यायालयाला बघता येईल. आपल्या जिल्हा न्यायालयात या पोटकलमाचं काय होतं, हे वकिलांना, पत्रकारांना आणि तुम्हा-आम्हाला विचारता येतं. माहितीपट करणाऱ्यानेही सुरुवात तिथूनच करावी.

तो पोरगा आता जनरल शिफ्टला गेला, भेट होत नाही. भेटला तर हा अंक देईन. आणि डवर वाजवत गल्लीत पुन्हा कोणी आलं, तर खाली उतरेन असं ठरवलं आहे. ठरवणं सोपं असतं, हे गॅलरीत उभं राहून शिकलो आहे. म्हणून इथे छापून ठेवतो.