गळा जुना, वाद्यवृंद नवा

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने ‘मुगल-ए-आझम’ दाखवायचे ठरविले आणि प्रत मिळविण्याचे काम माझ्याकडे आले. काम सोपे वाटले होते. पण चौकशी करता लक्षात आले की हा चित्रपट एक नसून दोन आहेत. पहिला ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात झळकलेला, बराचसा कृष्णधवल. दुसरा १२ नोव्हेंबर २००४ रोजी, ऐन दिवाळीत आलेला, आरंभापासून अखेरपर्यंत रंगीत. मंडळाच्या बैठकीत रंगांवरून तासभर वाद झाला. आवाजाचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नसता. परंतु रंगीत प्रत घरी लावून पाहत असताना आजी शेजारी बसली होती. शीशमहालातले गाणे ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “गाणारी तीच आहे रे, पण वाजवणारे बदललेत.”

आजीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. २००४ च्या आवृत्तीसाठी जुन्या ध्वनिपट्टीवरील संवाद स्वच्छ करून घेण्यात आले. पार्श्वसंगीत आणि गाण्यांचा वाद्यमेळ मात्र पुन्हा नव्याने वाजविण्यात आला. लता मंगेशकर, महंमद रफी, बडे गुलाम अली खाँ यांचे आवाज जुन्या एकत्रित मुद्रणातून वेगळे काढले गेले आणि नव्या वाद्यवृंदावर बसविले गेले. हे काम परक्या कोणी केले असेही नाही. मूळ संगीतकार नौशाद तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. त्यांनी स्वतः आणि उत्तम सिंग यांनी मिळून ते केले. तेव्हा ‘संगीतकाराचा अपमान झाला’ हा आक्षेप येथे टिकत नाही. प्रश्न त्याहून अवघड आहे.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा खुलासा करायला हवा. आपल्याकडे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘री-रेकॉर्डिंग’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ संवाद, संगीत व इतर आवाज एकत्र करून शेवटची ध्वनिपट्टी तयार करणे असा आहे. मी येथे पुनर्मुद्रण म्हणतो ते वेगळे: एकदा मुद्रित झालेले संगीत अनेक वर्षांनी नव्या वादकांकडून पुन्हा वाजवून घेणे. नुसती खरखर काढणे म्हणजेही पुनर्मुद्रण नव्हे. फोटोवरची धूळ पुसणे वेगळे आणि त्याच माणसाला बोलावून पुन्हा फोटो काढणे वेगळे. दुकानात मिळणाऱ्या तबकड्यांवर या दोन्ही गोष्टींना सारखीच आकर्षक विशेषणे लावलेली असतात, ही खरी अडचण आहे.

पुनर्मुद्रणाची गरजच का भासावी? कारण जुनी ध्वनिपट्टी खरोखरच तोकडी असे. फिल्मच्या एका कडेला चित्रांच्या शेजारी एक अरुंद पट्टी, तिच्यावर प्रकाशाच्या साहाय्याने आवाज उमटविलेला. तरुण माणसाचा कान सेकंदाला वीस हजारांपर्यंतची कंपने ऐकतो. चित्रपटगृहात त्या पट्टीतून सुमारे आठ हजारांच्या पलीकडले फारसे काही पोहोचत नसे. सतारीच्या तारेची धार, घुंगरांची किणकिण यांचा बराचसा भाग तिथेच गळून पडे. शिवाय सारा आवाज एकाच दिशेने, पडद्यामागून यायचा. नव्या प्रतीत तो चहूबाजूंनी येतो. दरबाराचे नगारे छातीत वाजतात. हा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी स्वतः दिपून गेलो होतो.

मग आजीला काय खटकले? याचे उत्तर शोधताना मला आपल्या मैफलीतला ‘संगत’ हा शब्द उपयोगी पडला. १९५० च्या दशकात गायक आणि वादक एकाच वेळी, एकाच दालनात गात-वाजवीत. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पट्ट्यावर घेऊन मागाहून जुळविण्याची सोय नव्हती. एकाची चूक झाली तर सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीत गैरसोय पुष्कळ होती, पण एक गोष्ट आपोआप साधत असे. गायक वादकांना ऐकत असे आणि वादक गायकाला. गाणारी किंचित रेंगाळली की तबलाही तिच्याबरोबर श्वासभर थांबे. आणि तबल्याने सम सुंदर दिली की पुढच्या ओळीत तिच्या आवाजात त्याचा उजेड पडे.

२००४ साली साथ करणाऱ्या वादकांना कानाला यंत्र लावून त्या गळ्यामागे जाता आले. त्यांनी सुरात आणि लयीत जुळवून घेतले, तेही सोपे नाही. पण गळा त्यांच्या मागे येऊ शकत नव्हता. बडे गुलाम अली खाँसाहेब १९६८ मध्ये गेले, रफीसाहेब १९८० मध्ये. सलीम-अनारकलीच्या प्रसंगामागे तानसेनाच्या तोंडी खाँसाहेबांची जी सोहनी आहे, ती नव्या प्रतीत ऐकावी. साथ निर्दोष आहे, किंबहुना मुळापेक्षा स्पष्ट आहे. तरीही माझ्या कानाला ती साथ वाटते, संगत वाटत नाही. खाँसाहेब ज्याला उत्तर देत आहेत तो वादक तिथून उठून गेलेला आहे.

शीशमहालाच्या गाण्यातली गोष्ट आणखी बारीक आहे. त्यातला घुमारा मिळावा म्हणून लताबाईंना स्टुडिओच्या स्नानगृहात उभे करून गायला लावले, असे सांगतात. घुमारा कसाही मिळविलेला असो, तो त्या आवाजातच मुरलेला आहे, चाळून वेगळा काढता येत नाही. त्याच्याभोवती दुसऱ्या दालनात, दुसऱ्या शतकात वाजलेली वाद्ये ठेवली की दोन घरांचे आवाज एका खोलीत आल्यासारखे होते. आजीने नेमके हेच पकडले होते, असे मला वाटते.

एवढ्यावरून सरसकट मूळच चांगले असा निकाल मात्र देता येत नाही. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांचा १९३८ चा ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ घ्या. प्रोकोफिएव्ह यांचे त्यातले संगीत मोठे, पण मुद्रण इतके निकृष्ट की मोठा वाद्यवृंद डब्यात कोंडल्यासारखा ऐकू येतो. १९८७ मध्ये लॉस एंजेलिसला हा चित्रपट पडद्यावर चालू ठेवून पुढे बसलेल्या वाद्यवृंदाने ते संगीत वाजविले, आणि १९९० च्या दशकात तेमिरकानोव यांच्या दिग्दर्शनाखाली सेंट पीटर्सबर्गच्या वाद्यवृंदाने चित्रपटासाठी ते नव्याने मुद्रित केले. तिथे ते संगीत काय योग्यतेचे आहे हे प्रथमच नीट कळते. पण गंमत अशी की प्रोकोफिएव्ह यांना मायक्रोफोनच्या खोड्यांचे मोठे कुतूहल होते. शत्रूच्या शिंगांचा आवाज कानाला असह्य व्हावा म्हणून ती मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी वाजवून मुद्दाम फाटू द्यायची, ही त्यांचीच कल्पना. तेव्हा नव्या स्वच्छ मुद्रणात कोणती घाण काढायची आणि कोणती ठेवायची, हे ठरविणार कोण?

मूळ संगीतकार ठरवील म्हणावे, तर हॉलिवूडच्या बर्नार्ड हरमन यांचे उदाहरण आडवे येते. हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०) साठी त्यांनी केवळ तंतुवाद्यांवर रचलेले संगीत त्यांनीच १९७५ मध्ये लंडनला पुन्हा मुद्रित केले. रचनाकार तोच, स्वरलिपी तीच. पण लय चित्रपटातल्यापेक्षा मंद. ऐकायला ते भारदस्त वाटते, तंतुवाद्यांचा पोत उलगडतो. फक्त ज्या घाईने चित्रपटात छाती धडधडते ती घाई त्यात नाही. हरमन यांच्यासमोर त्या वेळी पडदा नव्हता. बाई मोटार हाकीत पळून जाते आहे, पाऊस पडतो आहे, हे त्यांना सांभाळायचे नव्हते. त्यांनी संगीताला संगीत म्हणून वाजविले, आणि त्यांना तो अधिकार होता.

म्हणून माझ्यापुरता मी असा हिशेब केला. नुसते संगीत ऐकायचे असेल तर पुनर्मुद्रण खुशाल घ्यावे. ‘सायको’ची १९७५ ची तबकडी माझ्या संग्रहात असती तर मला आवडलेच असते. चित्रपट पाहायचा असेल तर ज्या आवाजाशी नटांचे ओठ आणि संकलकाची कात्री जुळली होती तोच आवाज हवा, तो अगदीच ऐकवेनासा झालेला नसेल तोवर. आणि जुना गळा-नवी वाद्ये हा तिसरा प्रकार असेल, तर आधी मूळ ऐकलेले असावे. मंडळाच्या प्रेक्षकांतील बहुतेकांनी ‘मुगल-ए-आझम’ कोणत्याच रूपात पाहिला नव्हता, हे माझ्या मते निर्णायक होते. शिवाय रंगीत आवृत्ती १९७ मिनिटांवरून १७७ वर आणलेली आहे, हाही मुद्दा बैठकीत उपयोगी पडला.

आम्ही १९६० ची प्रत दाखविली. पहिली दहा मिनिटे मागच्या बाकांवरून “आवाज! आवाज!” अशा आरोळ्या झाल्या, मग थांबल्या. युद्धाचा प्रसंग मात्र खरोखर फिका वाटला. हत्ती, घोडे, तोफा आणि वाद्यवृंद यांचा एकच गलका झाला, आणि इतिहासाच्या सरांनी बाहेर पडताना मला तसे स्पष्ट सांगितले. मला उत्तर सुचले नाही.

यंदाच्या यादीत ‘अलेक्झांडर नेव्हस्की’ आहे. प्रत अजून ठरलेली नाही.