मातीतून मॅटवर : जकार्ता आशियाई स्पर्धा (१९६२) आणि महाराष्ट्रातील मल्ल

प्रास्ताविक :
महाराष्ट्रातील कुस्तीचा विचार प्रामुख्याने तालमी, राजाश्रय आणि जत्रांतील फड यांच्या अनुषंगाने केला जातो. मल्लांनी समुद्रापलीकडे जाऊन केलेल्या लढती हा या परंपरेचाच एक महत्त्वपूर्ण भाग होय. जावा बेटावरील जकार्ता येथे २४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर १९६२ या काळात चौथ्या आशियाई क्रीडा स्पर्धा संपन्न झाल्या. कुस्तीत भारताने ३ सुवर्णपदके मिळविली. त्यांपैकी २ सांगली जिल्ह्यातील मल्लांची होती. या यशामागील स्थित्यंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन मल्ल, चार पदके :
कवठेपिरानचे मारुती माने यांनी लाइट हेवीवेट गटात फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्यपदक मिळविले. पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी हेवीवेट गटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक पटकाविले. आंदळकर १९६० साली 'हिंदकेसरी' झाले होते. माने यांना तो किताब १९६४ मध्ये प्राप्त झाला.

नियमांतील अंतर :
मातीवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास चीतपट करणे हाच खरा निकाल मानला जातो. मॅटवर मात्र ठराविक वेळ असते आणि चीतपट न झाल्यास निकाल गुणांवर ठरतो. त्यामुळे दमाबरोबरच चपळाईला आणि वेळेच्या भानाला महत्त्व येते. मातीत पाय रुततो व पकड टिकते. मॅटवर पावले वेगाने टाकावी लागतात. ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेण्यास व पायांचा डाव म्हणून वापर करण्यास मनाई असते. म्हणजे पट काढणे, टांग लावणे हे आपल्या मल्लांचे हुकमी डाव तेथे निरुपयोगी ठरतात. अशा प्रकारात आंदळकरांनी सुवर्णपदक मिळविणे, हे तालमीत कमावलेल्या मान, खांदे व छातीच्या बळाला नव्या नियमांची जोड देता येते याचे द्योतक होय.

प्रतिकूल वातावरण :
यजमान इंडोनेशियाने इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यास भारताचे ज्येष्ठ क्रीडा संघटक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला. परिणामी जकार्तात भारतविरोधी निदर्शने झाली व भारतीय दूतावासावर हल्लाही झाला. परक्या बेटावर, प्रेक्षकांच्या रोषात खेळण्याची वेळ भारतीय पथकावर आली, हे या यशाचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही.

महाविद्यालयाची भूमिका :
हे स्थित्यंतर यापूर्वीच सुरू झाले होते. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या साहाय्याने लंडन ऑलिंपिकला गेले. मॅटचा फारसा सराव नसतानाही ते सहावे आले. पुढील चार वर्षांच्या तयारीनंतर १९५२ मध्ये त्यांनी हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. त्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या तत्कालीन प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवल्याचे सर्वश्रुत आहे. खेळाडू घडविण्यात महाविद्यालय काय करू शकते, याचा हा वस्तुपाठ होय.

समारोप :
परभणीशेजारच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळविले. मराठवाड्याच्या मातीत गुणवत्तेची उणीव नाही, हे यावरून सिद्ध होते. मात्र येथील जत्रांचे फड मातीवरच रंगतात आणि मॅटचा सराव मिळविण्यासाठी होतकरू मल्लास बहुधा पुणे-कोल्हापूर गाठावे लागते. सोनपेठसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयाने एक मॅट व एक जाणकार मार्गदर्शक उपलब्ध करून दिल्यास हा प्रवास घराजवळूनच सुरू होऊ शकेल. मातीचा त्याग न करता मॅटचा स्वीकार करणे, हाच जकार्ताच्या यशाचा बोध होय.